वन्संची तलवारवाली

पुलाच्या बरोबर मध्यावर वारा आला आणि चित्र आम्हा दोघींना घेऊन नदीकडे निघालं.

"टेकव, खाली टेकव!" वन्सं मागून ओरडल्या.

"टेकवते, पण ओल्या बाजूला हात लागला तर बोलू नका."

"लागू देऊ नकोस, म्हणजे बोलणार नाही."

आम्ही चित्र कठड्याला टेकवलं. चार फूट बाय चार फूट लाकडी फळी होती ती, वर तैलरंग, आणि रंग अजून वाळलेला नव्हता. म्हणून वर चादर टाकता येत नव्हती. रंगवलेली बाजू आपल्या अंगाकडे धरावी तर कपड्यांना लागणार, म्हणून ती रस्त्याकडे होती. त्यामुळे दुपारी बारापासून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक माणसाला दिसत होतं की कवट्यांच्या ढिगावर एक बाई उभी आहे, तिच्या एका हातात तलवार आहे, दुसऱ्या हातात ढाल आहे, अंगावर लोखंडाचे जेमतेम तीन तुकडे आहेत, मागे पंखवाला एक प्राणी जबडा वासून बसलाय, आणि हे सगळं उचलून साठीच्या पुढच्या दोन बायका कुठेतरी चालल्या आहेत.

एक सायकलवाला थांबला. त्याने एक पाय खाली टेकवून चित्र सावकाश बघितलं.

"विकायचंय का?"

"नाही," वन्सं म्हणाल्या.

"मग दाखवताय कशाला?"

"दाखवत नाही, नेतोय. तुम्ही बघताय."

तो गेला. जाताना दोनदा वळून बघितलं, एकदा चित्राकडे आणि एकदा माझ्याकडे. मी लांब बाह्या मनगटापर्यंत ओढून घेतल्या.

खरं तर टेम्पो ठरला होता. टेम्पोवाला वेळेवर आलाही. पण चित्र बघून म्हणाला, "माझ्या गाडीतून सकाळी शाळेची मुलं जातात." वन्सं म्हणाल्या, "आत्ता सकाळ नाही." तो म्हणाला, "गाडी तीच आहे ना." आणि निघून गेला. बसच्या दारातून फळी आत जाईना. टॅक्सीत तर प्रश्नच नव्हता. आणि चित्र चार वाजेपर्यंत रेकॉर्ड कंपनीत पोचलं नाही तर ते घ्यायचं नाही असं ठरलेलं होतं. तेव्हा वन्संनी मला फोन केला. "एक टोक धरायला माणूस हवंय," म्हणाल्या. "तुझं तोंड नको, हात नको. म्हणजे हात हवेत, पण उचलायला."

आमचं बोलणं बंद होऊन तेव्हा अडीच महिने झाले होते.

वन्सं म्हणजे माझी नणंद, ह्यांची मोठी बहीण. वय एकोणसत्तर. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "राहून गेलं," जसं एखादं पातेलं विसळायचं राहून जावं तसं. अडतीस वर्षं त्या वैद्यकीय कॉलेजात चित्रकार होत्या. तिथल्या भिंतींवर जेवढी यकृतं टांगलेली आहेत, ती सगळी त्यांच्या हातची. गुडघे, कान, हाताचे स्नायू एकेक पदर सोलून दाखवलेले, सगळं त्यांचं. डॉक्टर लोक त्यांच्या तक्त्यांवर शिकले आणि पुढे खऱ्या माणसांना कापायला लागले, तरी वन्संना कधी कुणाची तक्रार आली नाही.

त्यांचे नियम दोनच. एक, जे बघितलं नाही ते काढायचं नाही; आठवणीतून काढलेलं चित्र म्हणजे थाप. दुसरा, चित्रातला माणूस आपल्या समोर उभा असतो, तेव्हा त्याचा डावा हात आपल्या उजवीकडे. "हे ज्याला कळत नाही त्याने फुलदाण्या काढाव्यात," असं त्या कॉलेजात नव्याने आलेल्या प्रत्येक चित्रकाराला सांगत. त्यातले दोघे पुढे खरंच फुलदाण्या काढायला लागले.

एकतीस वर्षांपूर्वी त्यांच्याकडे एक विद्यार्थी आला. शरीररचनेच्या परीक्षेत तो दोनदा नापास झाला होता. वन्सं त्याला आजही नापास म्हणूनच हाक मारतात. आता तो पन्नाशी ओलांडलेला आहे, दाढी छातीपर्यंत आहे, पाच-सहा देशांतले लोक त्याला ऐकायला मैदानं भरतात, आणि वन्सं म्हणतात, "नापास, दार लाव, वारा येतोय."

तेव्हा त्याने आणि त्याच्या तीन मित्रांनी एक बँड काढला होता, हेवी मेटल वाजवणारा. वन्संना ते काय असतं माहीत नव्हतं. त्याने वॉकमनवर ऐकवलं. वन्संनी शेवटपर्यंत ऐकलं, कानातून तार काढली आणि म्हणाल्या, "आ कर." टॉर्च लावून घसा बघितला. "सूज आहे. मीठ-पाण्याच्या गुळण्या कर. काय काढायचंय?"

"बाई, कॅसेटचं कव्हर. तलवार घेतलेली एक बाई. पायाखाली कवट्या. मागे ड्रॅगन."

"कवट्या आहेत माझ्याकडे, स्टोअरमध्ये सतरा पडल्यात. तलवारीला पडद्याची दांडी चालेल. ड्रॅगन मी बघितलेला नाही."

शेवटी ड्रॅगनचे पंख कॉलेजातल्या बाटलीतल्या वटवाघळाचे घेतले आणि जबडा शेजारच्या कुत्र्याचा, त्याला जांभई आली तेव्हाचा. म्हणून त्या पहिल्या कव्हरवरचा तो भयंकर प्राणी नीट बघितला तर झोपेला आलेला दिसतो.

राहिली बाई. मी त्या घरात नवी होते, लग्नाला तीन महिने झाले होते, आणि घरातल्या बायकांत हात उचलून तासभर उभं राहण्याचा दम फक्त माझ्यात होता. वन्संनी मला खोलीत उभं केलं. उजव्या हातात पडद्याची दांडी, डाव्या हातात मोठ्या पातेल्याचं झाकण.

"रागाने बघ," वन्सं म्हणाल्या.

"कुणाकडे?"

"समोर."

समोर स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. तीन महिन्यांच्या सुनेने तिकडे रागाने कसं बघायचं? मी जमिनीकडे बघत राहिले. थोड्या वेळाने सासूबाईच म्हणाल्या, "बघ गं बाई, मी काही मनावर घेणार नाही. आणि कोपर वर घे, तिला दिसत नसेल."

मग मी बघितलं. एकदा बघायला लागल्यावर फारसं अवघड गेलं नाही.

मी पूर्ण कपड्यांत उभी होते, बाह्या तेवढ्या दंडापर्यंत वर. तोंड आणि हात माझे, बाकीचं अंग पुस्तकातलं. हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते. तरीही चित्र पुरं झालेलं बघितलं तेव्हा मला घाम फुटला. वन्संचाही त्या कपड्यांवर आक्षेप होता, पण वेगळा. त्या नापासला म्हणाल्या, "पोट उघडं टाकून कुणी लढायला जातं का? यकृत इथे आहे, प्लीहा इथे. पहिल्या वारात आटोपेल." तो म्हणाला, "बाई, सगळ्यांच्या कव्हरवर असंच असतं." "मग सगळ्यांच्या मरतील," वन्सं म्हणाल्या. पहिल्या कव्हरवर लोखंडाचे तुकडे दोन होते. एकतीस वर्षं भांडून वन्संनी एक तुकडा मिळवला, तो यकृतावर.

मी अट एकच घातली होती, ही कोण ते कुणाला सांगायचं नाही. ती त्यांनी पाळली. आमच्या ह्यांनाही कधी कळलं नाही. ह्यांना ते संगीत सहन होत नाही, म्हणून त्यांनी त्याचं कव्हरही कधी हातात घेतलं नाही. देवाजवळ मी रोज सकाळी दोन मिनिटं बसते. त्याला माहीत होतंच, त्यामुळे सांगायचा प्रश्न नव्हता. माणसांना माहीत नव्हतं तेवढं बरं होतं.

आता डागाचं सांगते. लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यात ह्यांच्या शर्टाला इस्त्री करताना माझं लक्ष नव्हतं, आणि इस्त्रीचं टोक डाव्या हाताला आतल्या बाजूने, कोपराच्या जरा खाली लागलं. तिथे त्रिकोणी डाग राहिला, एक बाजू किंचित आत वळलेली, कारण मी हात झटकला होता. वन्संनी तो चित्रात काढला.

"हे कशाला?" मी विचारलं.

"आहे म्हणून."

दुसऱ्या कव्हरवर काढला, तिसऱ्यावर काढला. सातव्या कव्हरपर्यंत तो होताच. आणि ते संगीत ऐकणाऱ्या लोकांनी तो डाग उचलून धरला. त्याला ते शिक्का म्हणतात. त्याचा अर्थ काय, यावर त्यांच्यात दोन तट आहेत. एक तट म्हणतो, ही तीन राज्यांची खूण, तिसरं राज्य फितूर झालं म्हणून तिसरी बाजू वाकडी. दुसरा तट म्हणतो, ही अग्नीने दिलेली दीक्षा. दुसऱ्या तटाचं म्हणणं तसं खऱ्याच्या जवळ आहे. माझ्या दाताच्या डॉक्टरांची मदतनीस आहे, चांगली शहाणी मुलगी, तिने तो शिक्का हातावर गोंदवून घेतलाय. ती माझ्या तोंडात नळी धरून उभी होती आणि माझ्या इस्त्रीचा डाग माझ्या नाकासमोर. तोंड उघडं असल्यामुळे काही बोलता आलं नाही. नंतरही बोलले नाही.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग हिवाळ्यात ते झालं.

आमचं एक प्रार्थना मंडळ आहे. आम्ही सोळा बायका आठवड्यातून एकदा जमतो. त्या दिवशी खुर्च्या भाड्याने देणारा माणूस खुर्च्या मोजून घ्यायला लवकर आला आणि मागे भिंतीशी उभा राहिला. अंगात काळा टी-शर्ट, टी-शर्टवर मी. प्रार्थना चालू होती. मंडळातल्या सगळ्यांत थोरल्या बाई, ज्यांना आम्ही आक्का म्हणतो, त्या डोळे मिटायच्या ऐवजी त्याच्या छातीकडे बघत होत्या. मग माझ्याकडे बघितलं. प्रार्थना संपल्यावर हळूच म्हणाल्या, "ही तुमच्या माहेरची कुणी का हो?"

"नाही," मी म्हटलं.

हातात प्रार्थनेचं पुस्तक होतं. ते मिटायचं बाकी होतं अजून.

संध्याकाळी मी वन्संकडे गेले. "तुमच्यापायी आज मी देवासमोर खोटं बोलले," म्हटलं.

"बोललीस तू. माझ्यापायी कशी?"

"मी काही ऐकणार नाही. आजपासून माझं तोंड नाही, माझा हात नाही. बास झालं."

"बरं," वन्सं म्हणाल्या.

वन्संचं 'बरं' फार वाईट असतं. त्याच्या पुढे काही नसतं. तेव्हापासून मी लांब बाह्यांचे कपडे घालायला लागले, आणि तेव्हापासूनच आमचं बोलणं बंद झालं.

मधल्या काळात त्यांच्याकडे काय चाललंय ते मला ह्यांच्याकडून कळत होतं. नापास येऊन गेला होता. बँडची शेवटची रेकॉर्ड निघणार होती. कंपनीचं म्हणणं, कव्हर आता कंप्युटरवर करायचं, तयारही आहे. नापासने भांडून वन्संसाठी एक संधी मागून घेतली होती. अमुक दिवशी चार वाजता चित्र समोर आलं आणि पसंत पडलं तर वन्संचं, नाहीतर कंप्युटरचं. आणि वन्संच्या उजव्या डोळ्याचा मधला भाग गेला होता. "माणसाचं नाक दिसत नाही, कान दिसतात," असं त्या ह्यांना म्हणाल्या होत्या, जणू कुणा तिसऱ्याची तक्रार सांगावी तशा. डावा डोळा किती दिवस टिकेल ते डॉक्टर सांगत नव्हते. कॉलेज सुटून नऊ वर्षं झाली होती. हे चित्र नाकारलं गेलं तर पुन्हा कुणी त्यांना काही काढायला सांगणार नव्हतं. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

मी तरी गेले नव्हते.

वारा पडल्यावर आम्ही पूल ओलांडला. पलीकडे एक बाक होता. चित्र त्याला टेकवून आम्ही शेजारी बसलो. वन्संच्या खांद्याला पिशवी होती, पिशवीत ब्रश, रंगाच्या चार नळ्या, टर्पेंटाइनची बाटली, चिंधी आणि एक छत्री. ऊन पडलं तर चित्रावर धरायला, पाऊस आला तरी चित्रावरच.

तोपर्यंत मी चित्र कडेनेच बघितलं होतं. आता समोरून बघितलं. तोंड माझं नव्हतं, हे घरून निघतानाच कळलं होतं, आणि मला हायसं वाटलं होतं. पण मग कुणाचं? केस पांढरे होते. गालाचं हाड वर आलेलं. मान ताठ, पण मानेखालची कातडी सैल. आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना दोन लहान खळगे.

"वन्सं," मी म्हटलं, "तिच्या नाकावर चष्म्याच्या खुणा आहेत."

"आहेत."

"ह्या तुम्ही आहात."

"मग कोण असणार? घरात दुसरं होतं कोण?"

"पण सत्तरीची बाई तलवार घेऊन…"

"तरुण काढून बघितली. तीनदा काढली, तीनदा पुसली. थाप वाटायची." त्यांनी चष्मा काढून पदार्थविज्ञानाच्या प्रयोगासारखा उजेडात धरला आणि पुसला. "मग कपाटाचा आरसा काढून समोर लावला. डाव्या हातात झाकण धरलं आणि उजव्या हाताने रंगवलं. हात भरून यायचा. झाकण जड आहे गं. तू एवढा वेळ कशी धरायचीस?"

"सासूबाई समोर असायच्या," मी म्हटलं.

वन्सं हसल्या नाहीत, पण त्यांचं पोट हललं.

"आणि हा डाग?" मी ढालीच्या हाताकडे बोट दाखवलं. "माझा हात नाही म्हणाले होते ना मी?"

"हात माझाच आहे. डाग जुन्या कव्हरवरून घेतला. तो तुझा राहिलेला नाही आता, तो त्यांचा आहे." मग थोडं थांबून म्हणाल्या, "तो काढला नसता तर ती मेली असं समजले असते लोक."

मला राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण उठायची वेळ झाली होती, आणि चढ पुढे होता.

चढावर एका शिंप्याच्या दुकानातून तिघी बायका बाहेर आल्या. त्यातली एक म्हणाली, "अय्या, म्हातारी आहे!" दुसरी म्हणाली, "दंड बघ ना पण." वन्सं न थांबता म्हणाल्या, "त्रिशिरस्क स्नायू." त्या बायकांना ते चित्रातल्या बाईचं नाव वाटलं असावं, कारण त्या खेळीमेळीने हात हलवून आत गेल्या.

कंपनीच्या इमारतीत पोचलो तेव्हा साडेतीन होऊन गेले होते. लिफ्टमध्ये फळी मावेना. चार जिने चढलो. प्रत्येक वळणावर फळी उभी करायची, फिरवायची, पुन्हा आडवी करायची. तिसऱ्या मजल्यावर वन्सं म्हणाल्या, "वहिनी, माझं काही झालं तर चित्र वर पोचव आधी." मी म्हटलं, "आणि तुम्हाला?" "मी कुठे वाळायची आहे?"

वर एक मोठी खोली होती. भिंतीवर सातही कव्हरं फ्रेम करून लावलेली. मी सात वेळा स्वतःकडे रागाने बघत होते. टेबलांपाशी तीन तरुण मुलं कामं करत होती, दोन मुलगे आणि एक मुलगी, आणि तिघांच्याही डाव्या हातावर शिक्का गोंदलेला. मी बाह्यांची बटणं लावली आहेत ना ते बघून घेतलं. एका कोपऱ्यात दिवे लावून फोटोग्राफर तयार होता. कंपनीचा माणूस होता, तिशीचा, हातात टॅब्लेट. आणि नापास. त्याने धावत येऊन माझ्या हातातलं टोक घेतलं. वाकून वन्संना नमस्कार केला तेव्हा त्याची दाढी ओल्या रंगात जाता जाता राहिली.

"नापास, दाढी सांभाळ," वन्सं म्हणाल्या.

चित्र उभं केलं. खोलीतली मुलं उठून जवळ आली.

कंपनीचा माणूस म्हणाला, "आजी, ही म्हातारी का आहे?"

"वय झालं तिचं. एकतीस वर्षं झाली."

"पण लोकांना…"

"थांब," नापास म्हणाला. तो बराच वेळ बघत राहिला. एवढा मोठा माणूस, पण त्याचे डोळे भरून आले होते. "आम्ही नाही का म्हातारे झालो?" तो म्हणाला. "शेवटची रेकॉर्ड आहे. हीच पाहिजे. बाई, हीच." माझा जीव भांड्यात पडला. वन्संनी पिशवी खांद्यावरून उतरवून खाली ठेवली.

मग नापास पुढे वाकला. "बाई," तो हळू आवाजात म्हणाला, "शिक्का उजव्या हाताला आहे."

"डाव्या," वन्सं म्हणाल्या.

"नाही बाई. तिच्या उजव्या."

वन्सं चित्राजवळ गेल्या. त्यांनी मान तिरकी केली, कारण उजव्या डोळ्याने त्यांना समोरचं दिसत नाही, कडेचं दिसतं. स्वतःचा डावा हात उचलून बघितला. मग चित्रातली बाई बघितली. चित्रातली बाई उजवा हात उचलून त्यांच्याकडे बघत होती.

"मी डावाच उचलला होता," त्या म्हणाल्या. "आरसा."

आणि जवळच्या खुर्चीत बसल्या. अडतीस वर्षांत एकही हृदय त्यांनी चुकीच्या बाजूला काढलं नव्हतं. आणि मला तरी कुठे कळलं? डाग माझा, दुपारभर माझ्या डोळ्यांसमोर होता. मीही तो रोज आरशातच बघते.

"त्यात काय एवढं," कंपनीचा माणूस म्हणाला, "फोटो काढू आणि उलटा करू. एक सेकंद लागतो."

"खाली दगडावर बँडचं नाव कोरलंय ना बाईंनी," नापास म्हणाला, "ते पण उलटं होईल."

"मग शिक्का तेवढा कंप्युटरवर हलवतो. नाहीतर सरळ आपलं तयार आहे तेच घेऊ. वेळही झाली."

"डावखुरी असली तर चालेल," नापास म्हणाला, "शिक्का मात्र चुकला तर लोक मला रस्त्याने जाऊ देणार नाहीत. पण तो कंप्युटरवर नाही. बाईंनी हलवला तर त्यांचं चित्र. नाहीतर तुझं घे." मग वन्संकडे वळला. "बाई, होईल?"

भिंतीवरच्या घड्याळात चारला दहा कमी होते. वन्सं उठल्या. चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवून त्यांनी उजव्या हातावरचा डाग पुसला. रंग ओला होता, निघून गेला. तिथली कातडी त्यांनी दोन फटकाऱ्यांत नीट केली. मग बारीक ब्रश घेतला, चित्रातल्या बाईच्या डाव्या हाताशी नेला, तलवार उगारलेल्या हाताशी, आणि ब्रश तिथेच थांबला.

"काय झालं?" कंपनीचा माणूस म्हणाला. "त्रिकोण तर काढायचाय."

"त्रिकोण नाही तो."

"मग?"

"उचललेल्या हातावर कातडी ताणली जाते. डाग लांबतो. किती लांबतो, वाकडी बाजू कुठे जाते, मी बघितलेलं नाही. सातही कव्हरांवर तो हात वाकलेला आहे, ढालीमागे."

"अंदाजाने काढा ना."

वन्संनी त्याच्याकडे असं बघितलं की तो टॅब्लेटकडे बघायला लागला.

चारला सात कमी. ती गोंदलेली मुलगी माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. नापास खाली बघत होता. वन्सं माझ्याकडे बघत नव्हत्या. मुद्दाम बघत नव्हत्या. खिडकीकडे तोंड करून ब्रश हातात धरून उभ्या होत्या, आणि मला माहीत होतं की त्या मनात ते 'बरं' धरून उभ्या आहेत. तसेच चार वाजले असते, तर त्यांनी ब्रश पुसून पिशवीत ठेवला असता. घरी जाताना टेम्पोवाल्याला शिव्या दिल्या असत्या. माझ्याबद्दल एक शब्द नाही.

मी बटणाला हात लावला होता की नाही, ते मला आज नक्की सांगता येत नाही. आक्का, तुम्ही हे वाचाल तर माझ्या माहेरची कुणी नाही ती, एवढं तरी मी खरं बोलले होते.

वन्सं खिडकीपासून वळल्या. पिशवीतून छत्री काढली, मिटलेलीच, आणि माझ्यापुढे धरली.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "नाही म्हणालीस तरी मी काही धरून बसणार नाही. पण बाही वर कर आणि ही उगारून उभी राहा. डाव्या हातात. तुझ्या डाव्या."